व्हिकर्स, ०८/१५ की ब्राउनिंग? जुनी बेल्ट-फेड मशीनगन घेण्याआधी तिची पेटी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ॲरिझोनात राहतात आणि पट्ट्यावर चालणारी आपली पहिली जुनी मशीनगन घेण्याच्या बेतात आहेत. तीन नग त्यांच्या नजरेत आहेत: एक ब्रिटिश व्हिकर्स, एक जर्मन एमजी ०८/१५ आणि एक अमेरिकन ब्राउनिंग एम-१९१९ए-४. ते विचारतात, "लिलावाच्या फोटोंत सगळ्या एकसारख्याच दिसतात, मग किमतीत एवढा फरक का? बघायचं नेमकं काय? आणि पुढेमागे पुण्याला परतलो तर बरोबर आणता येईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. आधी फोटोंबद्दल. फोटोत डोळ्यांत भरतात ते नळी, ती थंड ठेवणारं पाण्याचं जॅकेट, तिपाई आणि पट्टा. हे सगळं बदलता येतं, आणि शंभर वर्षांत ते बहुतेक वेळा बदललेलं असतं. नगाची ओळख असते ती मागच्या चौकोनी पेटीत, म्हणजे रिसिव्हरमध्ये. लढणारा सैनिक म्हणेल की मशीनगन म्हणजे नळी. माझ्यासारखा दुरुस्तीच्या बाकावर वाढलेला माणूस म्हणेल की मशीनगन म्हणजे पेटी, बाकी सगळं खर्चाचं सामान. अमेरिकन कायदाही इथे माझ्या बाजूने आहे, कारण नोंदणी होते ती पेटीचीच.

कायद्याचं आधी उरकून टाकतो, कारण किमतीचं अर्धं कोडं तिथेच सुटतं. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने मशीनगनची नोंदणी आणि २०० डॉलरचा हस्तांतरण कर आणला. १९६८ साली महिनाभराची माफी दिली गेली, तेव्हा माळ्यावर पडलेल्या, आजोबांनी युद्धावरून आणलेल्या बऱ्याच गन नोंदवल्या गेल्या. १९ मे १९८६ पासून सामान्य नागरिकांसाठी नवी नोंद कायमची बंद झाली. म्हणजे माल ठरलेला आहे, वाढणार नाही, आणि घेणारे वाढताहेत. पण नोंदवलेले सगळे नग एका जातीचे नाहीत. काही मूळ कारखान्यातून निघालेले अस्सल नग आहेत. काही मात्र असे, की १९८६ पूर्वी एखाद्या अमेरिकन परवानाधारकाने उजवी बाजूपट्टी नवी बनवून नोंदवली आणि बाकी गन जुन्या सुट्या भागांतून उभी केली. बाजारात याला 'साइडप्लेट गन' म्हणतात. व्हिकर्स आणि ब्राउनिंग १९१९ मध्ये अशा पुष्कळ आहेत. चालायला त्या उत्तम असतात, पण इतिहासाच्या दृष्टीने त्या १९८० च्या दशकातल्या वस्तू आहेत, आणि 'क्युरिओ अँड रेलिक' या सवलतीच्या वर्गात सहसा बसत नाहीत. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: नोंद कोणत्या भागावर आहे, आणि कागदावरचा उत्पादक, नंबर आणि कॅलिबर त्या भागावर कोरलेल्याशी अक्षरश: जुळतं का? 'साधारण जुळतं' असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

आता यंत्राकडे. तुमच्या तीन नगांपैकी दोन एकाच घराण्यातले आहेत. हायरम मॅक्सिम हा अमेरिकेत जन्मलेला संशोधक लंडनला गेला आणि हॅटन गार्डनमधल्या आपल्या वर्कशॉपमध्ये १८८४ च्या सुमारास त्याने पहिली खरी स्वयंचलित मशीनगन बनवली. गोळी सुटताना जो धक्का मागे बसतो, तोच वापरून रिकामं काडतूस काढायचं आणि नवं भरायचं. कुलूप म्हणून त्याने दोन दांड्यांचा एक सांधा वापरला. पाय ताठ असताना गुडघा भार पेलतो आणि जरा वाकला की लगेच मोडतो, तसा हा सांधा. नळी आणि सांधा थोडं अंतर बरोबर मागे येतात, सांधा मोडतो, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, मोकळा होतो. पेटीच्या डाव्या अंगाला बाहेर एक लांबट डबी दिसते. तिच्यात ओढीची स्प्रिंग असते, तिला फ्यूझी म्हणतात. उजवीकडचा हँडल गोळीगणिक मागेपुढे झुलतो. ही डबी आणि हा हँडल दिसला की घराणं मॅक्सिमचं.

मॅक्सिममध्ये सांधा खाली मोडतो. म्हणून पेटी खोल लागते आणि वजन वाढतं. व्हिकर्स कंपनीने, जिने १८९७ पर्यंत मॅक्सिमची कंपनी आपल्यात घेतली होती, हा सांधा उलटा केला, वर मोडणारा. एवढ्या एका बदलाने पेटीची उंची उतरली, आणि चांगलं पोलाद वापरल्यामुळे जिथे जुनी मॅक्सिम सुमारे २७ किलोची होती तिथे व्हिकर्स पाण्याशिवाय १५ किलोच्या आसपास आली. ब्रिटिश सैन्याने ती नोव्हेंबर १९१२ मध्ये स्वीकारली आणि १९६८ पर्यंत ठेवली. माझं स्पष्ट मत सांगतो: जुन्या मशीनगनमध्ये व्हिकर्सइतकं समंजस यंत्र दुसरं नाही. अडलं तर हँडल कुठे थांबलाय ते बघायचं, आणि दोष कुठे आहे ते कळतं. सैनिकांना हँडलच्या त्या जागा पाठच असत.

व्हिकर्समधले फरक शोधायला जॅकेटपासून सुरुवात करतात, आणि ते ठीकच आहे. जुन्या नगांच्या जॅकेटवर लांबीला पन्हळी असतात, पुढच्या काळातल्यांची जॅकेटं गुळगुळीत. पण लक्षात घ्या, जॅकेट वर्कशॉपमध्ये बदललं जाई. १९१७ ची पेटी आणि दुसऱ्या महायुद्धातलं गुळगुळीत जॅकेट अशी जोडी सर्रास सापडते. ती खोटी नाही, ती गन दोन युद्धं लढली एवढाच त्याचा अर्थ. पन्हळी जॅकेटवर डाग देऊन बुजवलेली छिद्रं असतील तर काही संग्राहक नाक मुरडतात. मी उलट भाव देतो. एका नगाच्या जॅकेटवर मला एकाच बाजूला तीन डाग मिळाले, एका ओळीत, तिरके, पितळी रंगाचे, कानशीने सफाईने सपाट केलेले. तसं काम घाईत होत नाही, मागच्या वर्कशॉपमध्ये बसलेल्या कारागिराचंच ते. विक्रेता ते रंगाखाली लपवायला निघाला होता.

ब्रिटिश नगांखेरीज ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यात बनलेल्या व्हिकर्स आहेत, आणि अमेरिकेत कोल्टने .३०-०६ काडतुसासाठी बनवलेलं १९१५ चं मॉडेल आहे. अमेरिकेत राहून व्हिकर्सच घ्यायची असेल, तर अस्सल कोल्ट सापडल्यास थोडे जास्त मोजायला हरकत नाही, कारण तिचं काडतूस आजही सहज मिळतं. आपल्याकडचा धागाही याच गनपाशी आहे. १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिलेली महार रेजिमेंट १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली, आणि तिच्या चिन्हावर आजही दोन व्हिकर्स एकमेकींना छेदून आहेत. टोपीवरचं ते चिन्ह भिंगाखाली बघा. जॅकेट आणि मूठ ओळखता येतात.

एमजी ०८/१५ ची गोष्ट वेगळी. १९०८ ची जर्मन एमजी ०८ म्हणजे जवळजवळ मूळ मॅक्सिमच, भल्याथोरल्या लोखंडी घसरगाडीवर बसवलेली. खंदकातून पुढे सरकणाऱ्या शिपायांबरोबर ती नेता येईना. म्हणून तिला बंदुकीसारखा लाकडी दस्ता, पिस्तुली मूठ आणि दोन पाय लावले, जॅकेट बारीक केलं, पेटीच्या भिंती कापल्या, आणि १०० गोळ्यांचा पट्टा गुंडाळलेला ड्रम बाजूला टांगला. तरी वजन १८ किलो, पाणी वेगळं. याला हलकी मशीनगन म्हणायला जर्मनच पाहिजेत. सांधा मात्र जुन्याच पद्धतीने खाली मोडणारा. घाईच्या दिवसांत नवं यंत्र आखण्यापेक्षा जुनं चालतं यंत्र सोलून काढणं बरं, असा हिशेब त्यामागे होता.

संग्राहकाला ०८/१५ मध्ये मजा येते ती कारखान्यांमुळे. श्पांडाऊ आणि एरफुर्टचे सरकारी कारखाने, डीडब्ल्यूएम, ऱ्हाइनमेटाल, झुलचे झाउअर, नुरेंबर्गचे एम.ए.एन., सीमेन्स उंड हाल्स्के: इतक्या ठिकाणी ती बनली. नाव आणि साल पेटीवर कोरलेलं असतं. आणि जर्मनांची सवय अशी की नंबर फक्त पेटीवर घालून ते थांबत नाहीत. झाकण, फ्यूझीची डबी, पट्टा ओढणारा ठोकळा, कुलपाचे भाग, खिळीसुद्धा, सगळ्यांवर पूर्ण नंबर नाहीतर शेवटचे आकडे. भिंग आणि बॅटरी घेऊन बसलात तर तासाभरात कळतं की हा नग एका आईचा आहे की चार ठिकाणचं गोळा केलेलं आहे. सगळे नंबर जुळणारा ०८/१५ दुर्मीळ असतो, कारण युद्धानंतर विजयचिन्हं म्हणून वाटताना पेटी एका गावाला आणि कुलूप भलत्याच खोक्यात गेलं. फ्यूझीची डबी जवळजवळ हमखास दुसरी निघते. तेवढ्यावरून व्यवहार मोडू नका. पण कुलूप आणि पेटी जुळत नसेल तर किंमत पाडून मागा.

याच घराण्यातले चुलतभाऊ तुमच्या यादीत नाहीत, तरी त्यांचा उल्लेख करतो, कारण लिलावात ते कधी कधी चुकीच्या नावाखाली येतात. रशियाची १९१० ची मॅक्सिम तुला इथे बनली, दोन चाकांच्या सोकोलोव्ह गाड्यावर आणि बऱ्याचदा ढालीसह. तिच्या उशिराच्या नगांच्या जॅकेटवर मोठं गोल झाकण दिसतं, ट्रॅक्टरच्या रेडिएटरला असतं तसलं. त्यातून बर्फ थेट कोंबता येतो. ही कल्पना रशियनांनी फिनलंडकडून घेतली. फिनलंडची एम/३२-३३ आयमो लाहतीने सुधारलेली होती, जास्त वेगाने चालणारी आणि धातूच्या पट्ट्याची. फिनिश सैन्याच्या मालकीचा 'एसए' असा चौकटीतला शिक्का असतो. तो दिसला की कागदपत्रात 'रशियन मॅक्सिम' लिहिलं असलं तरी तुम्ही आणखी खोलात जा. चिनी टाइप २४ म्हणजे डीडब्ल्यूएमच्या १९०९ च्या व्यापारी मॉडेलची नक्कल. २४ हे चिनी प्रजासत्ताकाचं साल, म्हणजे १९३५. कोरियाच्या युद्धातून काही अमेरिकेत आल्या. आणि बघायला सर्वांत देखणी हवी असेल तर बर्नच्या कारखान्यातली स्विस एमजी ११. घड्याळवाल्यांच्या देशाने मशीनगन केली की तिचं फिनिशिंग कसं होतं ते हातात घेतल्यावर कळतं.

एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि विक्रीच्या वर्णनात तो कधीच नसतो. पट्ट्यातून काडतूस निघतं कुठल्या दिशेने? ब्रिटिश .३०३ आणि रशियन ७.६२ या काडतुसांना बुडाशी कडा असते. कापडी पट्ट्यातून ती पुढे ढकलता येत नाहीत. म्हणून मॅक्सिमने काडतूस आधी मागे ओढून बाहेर काढायचं, खाली उतरवायचं आणि मग नळीत घालायचं, असा दुहेरी प्रवास आखला. ब्राउनिंगनेही मागे ओढण्याचीच रीत ठेवली. जर्मनांचं ७.९२ काडतूस बिनकडेचं, त्यामुळे पुढच्या काळातल्या एमजी ३४ मध्ये त्यांना उघड्या कड्यांचा धातूचा पट्टा वापरून काडतूस सरळ पुढे ढकलता आलं. झाकण उघडून भरणीचा भाग बघितलात की त्या देशाने कोणतं काडतूस गळ्यात बांधून घेतलं होतं हे कळतं. रशियनांनी ते कडेचं काडतूस सोडलंच नाही, आणि त्यांच्या आजच्या पीकेएम मशीनगनमध्येही मागे ओढणारा चिमटा आहे.

आता ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंगने मॅक्सिमचा सांधा पूर्ण टाकून दिला. बोल्टखाली एक ठोकळा, जो चढणीवर वर चढून बोल्टला अडकवतो आणि मागे येताना खाली उतरतो, बस. १९१७ च्या मे महिन्यात स्प्रिंगफील्डला चाचणी झाली तेव्हा एका नगाने सलग ४८ मिनिटं १२ सेकंद गोळीबार केला, आणि लष्कराचा निर्णय तिथेच झाला. पेटीही त्याने कारखान्याच्या सोयीची केली: सपाट पट्ट्या आणि रिव्हेट. वेस्टिंगहाऊस, रेमिंग्टन आणि कोल्ट या तिघांनी हीच गन एम-१९१७ या नावाने बनवली, त्यात वेस्टिंगहाऊसचा वाटा सर्वांत मोठा.

पण त्या पेटीत एक कच्चा दुवा होता. तळपट्टी जिथे बाजूंना बसते, तिथे मार खाऊन ती फाटू लागली. युद्धानंतर लष्कराने पेटीच्या खालच्या अंगाला नालेच्या आकाराची पोलादी मजबुती रिव्हेटने जोडली, आणि १९३६ मध्ये रॉक आयलंडला बऱ्याच नगांची एम-१९१७ए-१ करताना आणखी बदल केले. म्हणून एम-१९१७ दिसली की ती उताणी करा. नाल आहे का? तिच्या रिव्हेटांची डोकी सारखी आहेत का? मजबुती न लावलेला, १९१८ च्या स्थितीतला नग फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे, आणि तो मिळाला तर जपून ठेवावा, चालवू नये. पोलंडने केलेली नक्कल, सीकेएम व्झुर ३०, कधी समोर आली तर चुकवू नका. पोलिशांनी परवाना न घेताच ती ७.९२ साठी बनवली आणि मागची मूठ वगैरे आपल्या सोयीने बदलली.

तुमची १९१९ए-४ ही त्याच यंत्राची हवेवर थंड होणारी बहीण. पाण्याचं जॅकेट गेलं, छिद्रांचं जॅकेट आलं, नळी जाड झाली. दुसऱ्या महायुद्धात ती प्रचंड संख्येने निघाली. जनरल मोटर्सच्या सॅजिनॉ स्टिअरिंग गिअर विभागाने आणि बफेलो आर्म्सनेही ती बनवली. मोटारीचं स्टिअरिंग करणारे ती करू शकले, यातच ब्राउनिंगच्या पेटीचं यश आहे. ए-६ म्हणजे तिलाच दस्ता आणि दोन पाय लावलेला १९४३ चा तोडगा, ०८/१५ चीच चूक सव्वीस-सत्तावीस वर्षांनी पुन्हा. चालवायला नाही, पण भिंतीवर ०८/१५ शेजारी ठेवायला छान जोडी होते. ए-४ मध्ये कारखान्याचं नाव आणि नंबर उजव्या बाजूपट्टीवर असतो, आणि साइडप्लेट गनमध्ये तिथेच एखाद्या अलीकडच्या दुकानाचं नाव दिसेल. बाकी भागांवर इस्रायली खुणा असतील तर दचकू नका, इस्रायलने या गन ७.६२ नाटो काडतुसावर नेऊन वर्षानुवर्षं वापरल्या आणि त्यांचे सुटे भाग अमेरिकेत भरपूर आले.

ब्राउनिंगबद्दल एक ताकीद. तिची नळी स्क्रूने बसते आणि बोल्टशी तिचं अंतर, म्हणजे हेडस्पेस, माणसाने जुळवावं लागतं. चुकलं तर काडतूस पेटीत फुटतं. गेज, म्हणजे ते अंतर तपासायचं माप, न लावता दुसऱ्याच्या शब्दावर कधीही चालवू नका. व्हिकर्स आणि ०८/१५ मध्ये दुसरी काळजी आहे. नळी जॅकेटमध्ये जिथे बसते तिथे पाणी गळू नये म्हणून जुन्या काळी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. जुना नग उघडताना ती कोरडी, भुसभुशीत निघते. फुंकर मारू नका, ओली करून, मास्क लावून काढा. आज ग्रॅफाइटची दोरी मिळते.

एमजी ३४ आणि ४२ तुम्ही विचारलेल्या नाहीत आणि पहिल्या खरेदीसाठी मी त्या सुचवतही नाही, पण तुलनेला त्या उपयोगी आहेत. ३४ ची पेटी घडवलेल्या पोलादातून कोरून काढलेली, तिच्या ट्रिगरला दोन खाचा: वरची दाबली की एक गोळी, खालची दाबली की सलग. ४२ ची पेटी पत्र्यातून ठोकून वळवलेली आणि जोडलेली, जॅकेट चौकोनी, वेग मिनिटाला १२०० च्या आसपास. तिथे नाव नाही, सांकेतिक अक्षरं असतात: 'डीएफबी' झुलचं गुस्टलॉफ, 'डीओटी' ब्रनो, 'बीएनझेड' श्टायर, 'बीपीआर' ग्रोसफुस, ज्यांनी ४२ ची आखणी केली. ४२ घेताना सर्वांत मोठा घोटाळा युगोस्लाव्ह एम-५३ चा. तीही ७.९२ चीच आणि दिसायला सख्खी. जर्मन किमतीत युगोस्लाव्ह नग गळ्यात मारणारे आहेत.

तर तुमच्या तीन नगांबद्दल माझा कौल. चालवायची हौस असेल तर १९१९ए-४, साइडप्लेट असली तरी चालेल. सुटे भाग, पट्टे, गेज, काडतुसं, सगळं मिळतं, आणि तिघींत सहसा हीच स्वस्त पडते. यंत्र समजून घ्यायचं आणि सांभाळायचं असेल तर व्हिकर्स, पण नोंद कशावर आहे ते बघून. ०८/१५ तेव्हाच, जेव्हा पेटी अस्सल आणि निदान कुलूप व झाकण नंबरने जुळतंय. नाहीतर ती महागडी भंगारजोडणी ठरते. तिन्हींसाठी जुनी लष्करी काडतुसं वापरलीत तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा आणि तेल द्या. त्या काडतुसांच्या बुडाशी असलेल्या टोपीतले (प्रायमरमधले) क्षार रात्रीत गंज आणतात, आणि पाण्याच्या जॅकेटातली नळी बाहेरूनही कुजते, ते दिसतसुद्धा नाही. जॅकेट रिकामं करून सुकवा.

आता पुणे. नाही. ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात असं कोणतंही शस्त्र १९५९ च्या भारतीय शस्त्र कायद्यात प्रतिबंधित शस्त्र आहे, केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ते बाळगणं हा गुन्हा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात ते चौदा वर्षांपर्यंत. वय, वारसा, 'चालत नाही हो ती', यातलं काहीही कामाला येत नाही. शिवाय अमेरिकेतून मशीनगन बाहेर न्यायला तिथलाही निर्यात परवाना लागतो. सुटे भाग सामानात टाकून आणण्याचा विचारही करू नका, पेटीचा तुकडा असला तरी विमानतळावर तुमची संध्याकाळ वाईट जाईल. परतायचं ठरलं की वर्षभर आधी एखाद्या परवानाधारक विक्रेत्याकडे नग ठेवायला द्या, कारण हस्तांतरणाच्या कागदांना महिनोन्‌महिने लागू शकतात आणि तुम्ही देश सोडल्यावर सही करायला कोणी उरत नाही.